सुधारित वय

बाळ अठ्ठाविसाव्या आठवड्यात आलं तर
आम्ही त्याचं वय दोनदा लिहितो.
एक जन्मतारखेपासून, एक सुधारित,
घाईत गळालेले बारा आठवडे वजा करून.
आईला समजावतो, सहाव्या महिन्यात बसलं नाही
म्हणून शेजारणीच्या बाळाशी ताडून बघू नका.
हे मी बांबोळीत रोज सांगते,
साधारण साडेअकराला, राउंड संपल्यावर.

फेलोशिपच्या फॉर्मवर वयाला एकच चौकोन आहे.
तेहतीस.
त्याखाली: प्रशिक्षणात खंड पडला असल्यास
कारण द्या, पन्नास शब्दांत.

अर्जाची मुदत एकतीस ऑगस्ट.
रुजू व्हायचं सात जानेवारीला, चेन्नईत.
आणि माझी तारीख एकोणीस जानेवारी.
तीनदा मोजली, चकतीवर, मोबाइलवर, बोटांवर,
जणू चौथ्यांदा ती एप्रिल निघेल.

अवधूतचं कॅलेंडर आणखी तिसरंच.
चार महिने जहाज, दोन महिने घर,
आणि घर ह्या खेपेला फेब्रुवारीत.
सांतोसच्या बंदरातून तो विचारतो, मग काय ठरलं?
ठरवायला मी कोण, म्हणते, मी तर नुसती मोजते आहे.

मागे एकदा सगळं नीट बसवलं होतं.
परीक्षा मार्चात, निकाल मेमध्ये,
बाळ डिसेंबरात, अर्ज पुढच्या वर्षी.
त्या वेळापत्रकात एकही चूक नव्हती.
नवव्या आठवड्यात ठोके सापडले नाहीत.
दोन दिवस रजा घेतली. कारण लिहिलं: ताप.
पुढच्या वर्षी अर्जही केला नाही.
हे पन्नास शब्दांत कसं घालतात?

कुडचडकर मॅडमना मी काही बोलले नव्हते.
डिसेंबरच्या ड्यूटीपत्रकात माझ्या रात्रपाळ्या
त्यांनीच खोडल्या, पेन्सिलीने,
आणि मान वर न करता विचारलं,
शिफारसपत्र कधी हवंय?
सिस्टर अर्सुला सलाइनची नळी झटकत म्हणाली,
"बाये, फॉर्म भर. भुरगें येता तेन्ना येता."

मुलाखत सत्तावीस ऑक्टोबरला.
त्याच दिवशी मला अठ्ठावीस आठवडे पूर्ण.
आज आलं तर, मी पाहून ठेवलं होतं,
खिडकीकडचा इनक्युबेटर रिकामा आहे.

चोडणच्या घरात नेटवर्क फक्त वरच्या गॅलरीत.
प्लॅस्टिकची खुर्ची, दोन उशांवर लॅपटॉप,
पडद्यावर मी खांद्यापर्यंतच.
त्यांनी व्हेंटिलेटरचं विचारलं, मेंदूतल्या रक्तस्रावाचं,
सगळं नीट सांगितलं.
शेवटी तिघांपैकी जे इतका वेळ गप्प होते ते म्हणाले,
जानेवारीत यायला काही अडचण?
तेव्हा आत लाथ बसली की नाही,
मला आता नक्की आठवत नाही.
नाही सर, म्हटलं. अडचण अशी नाही.
आणि पडदा काळा झाला.

दिवेलागणीला पत्र लिहिलं.
जानेवारीत येऊ शकणार नाही.
वीस जुलैला माझे सव्वीस आठवडे संपतात,
एकवीसला येईन. जागा ठेवता येईल का?
क्षमस्व लिहिलं, खोडलं,
परत लिहिलं, परत खोडलं.
पाठवलं तेव्हा खाली फेरी धक्क्याला लागत होती.
फळी पडायच्या आधीच स्कूटरवाले
इंजिनं सुरू करून बसले होते.

उत्तर अजून आलेलं नाही.
आज वॉर्डात नवी मुलगी, नऊशे ऐंशी ग्रॅम,
वाळपईहून अँब्युलन्समध्ये आलेली.
तिच्या कागदावर मी वय लिहिलं, दोनदा.
आई व्हीलचेअरवरून वाकून बघत होती.
डॉक्टर, ह्यातलं खरं कुठलं?
वरचं सरकारी आहे, म्हटलं,
आणि खालच्यावर बोट ठेवलं.